'लब'ला उशीर का झाला?

हृदयाचं 'लब-डब' म्हणजे झडपा मिटल्याचा आवाज. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉ. लाएनेक यांनी तो कागदाच्या सुरळीतून ऐकला. आज तो मोजताही येतो.

छातीवर ईसीजीच्या तारांबरोबर आवाज टिपणारं यंत्र लावतात. विजेच्या इशाऱ्यापासून 'लब' उमटेपर्यंतचा काळ मोजतात. हृदयाचा स्नायू दुबळा असला, की दाब चढायला वेळ लागतो आणि 'लब'ला उशीर होतो. सुई नाही, नळी नाही.

माझे एक रुग्ण जिना चढताना लागणारी धाप वयावर ढकलत. स्टेथोस्कोप लावला, तर 'डब'पाठोपाठ तिसरा, मंद आवाज! तरुणांत तो निर्धोक असू शकतो. उतारवयात हृदय थकल्याची खूण ठरतो. इकोने निदान पक्कं झालं, औषधं सुरू झाली. तेव्हा धाप लागली, तर वयाला दोष देऊ नका. छाती तपासून घ्या.