'सेट असाइड' : बाजूला काढणे की बाजूला सारणे?

व्यापारी बंधूंच्या हाती येणाऱ्या इंग्रजी पत्रांत, बँकेच्या कागदांत आणि वकिलांच्या नोटिसांत 'सेट असाइड' हा शब्दप्रयोग वरचेवर येतो. 'सेट' म्हणजे ठेवणे, 'असाइड' म्हणजे बाजूला, एवढे डिक्शनरीवरून कळते. अडचण पुढे आहे. हीच जोडी एका कागदात पैसा राखून ठेवल्याचे सांगते आणि दुसऱ्या कागदात हुकूम रद्द झाल्याचे कळवते.

आधी बचतीचा अर्थ पाहू. 'वी हॅव सेट असाइड टू लाख रुपीज फॉर द ईद सीझन' म्हणजे ईदच्या हंगामासाठी आम्ही दोन लाख वेगळे काढले आहेत. ही नुसती शिल्लक नव्हे. रक्कम ठरलेली, काम ठरलेले, आणि ती इतर खर्चात मिसळायची नाही. 'सेव्ह अप' म्हणजे एखाद्या वस्तूसाठी थोडे थोडे करून जमवणे. 'पुट बाय' हा जरा जुन्या, घरगुती वळणाचा शब्द. उर्दू शाळेत शिकलेल्यांना तो लगेच उमगेल, कारण आपल्या 'पसअंदाज करना'चा शब्दशः अर्थही मागे टाकणे असाच आहे. 'सॉल्ट अवे' म्हणजे मीठ लावून मुरवावे तसा पैसा गुपचूप दडवणे. हा शब्द इन्कम टॅक्स ऑफिसरला लिहायच्या पत्रात वापरू नये!

कापडवाल्यांसाठी 'सेट असाइड'चा खरा उपयोग जीएसटीत आहे. १ जुलै २०१७ पासून कापडावर ५ टक्के जीएसटी आहे. एक लाखाच्या बिलावर गिऱ्हाइकाकडून आलेले ५,००० रुपये गल्ल्यात दिसतात, पण ते आपले नव्हेत. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेऊन जे उरते ते सरकारचे, आणि दरमहा रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचे असते. ही रक्कम बिलाच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकावी. तिच्यावर नवा माल उचलणारे पुष्कळ आहेत आणि २० तारखेला त्यांची धावपळ पाहण्यासारखी असते.

जकातीचेही तसेच. अडीच टक्क्यांचा हिशेब करून रक्कम 'सेट असाइड' केली म्हणजे जकात अदा झाली, असे काहींना वाटते. ती हकदाराच्या हाती पडेपर्यंत जबाबदारी शिरावरच राहते. बारीक मसले आलिमांना विचारावेत.

आता दुसरा अर्थ. मराठीत आपण पैसे बाजूला 'काढतो' आणि नको असलेली गोष्ट बाजूला 'सारतो'. उर्दूत 'बालाए ताक रखना' म्हणतात. वस्तू कोनाड्यात ठेवली, म्हणजे तिचा विचार सोडला. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द चालतो. कोर्टाच्या भाषेत 'डिक्री', 'अवॉर्ड' किंवा 'असेसमेंट' सेट असाइड झाले म्हणजे ते रद्दबातल ठरले.

बाजारातले कित्येक तंटे लवादाकडे जातात. निवाडा आपल्या बाजूने लागला आणि काही दिवसांनी 'ॲप्लिकेशन टु सेट असाइड द अवॉर्ड' अशी नोटीस आली, तर आपली रक्कम कोर्टाने राखून ठेवली असे समजून कागद ड्रॉवरमध्ये टाकू नये. समोरचा तो निवाडाच मोडायला निघाला आहे. निवाडा आपल्या विरुद्ध गेला असेल तर हा मार्ग आपल्यालाही खुला आहे, पण १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे निवाडा हाती पडल्यापासून ३ महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण दाखवले तर कोर्ट आणखी ३० दिवस देऊ शकते, त्यापुढे नाही.

मग ओळखायचे कसे? शब्दाच्या जोडीला काय आहे ते पाहावे. पैसा, माल, वेळ असेल तर राखणे. हुकूम, निकाल असेल तर रद्द करणे. फसवा शब्द एकच, 'ऑर्डर'. गिरणीने 'युवर ऑर्डर हॅज बीन सेट असाइड' लिहिले तर माल राखला की ऑर्डर बाद केली, हे फोन करून विचारावे. आपण स्वतः लिहिताना 'गुड्स' शब्द घालावा, म्हणजे गोंधळ होत नाही. शिवाय 'सेट'चे भूतकाळी रूपही 'सेट'च असल्याने 'वी सेट असाइड फिफ्टी पीसेस' यावरून माल काढून ठेवला की दरवेळी काढून ठेवतो, ते कळत नाही. तेथे 'हॅव' घालावे आणि तारीख टाकावी.