सोडले किती, जगले किती?

4,076 पैकी 2,652. जून 1994 मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ ‘अपोलो सी’ हे जहाज बुडाले आणि तेलाने माखलेले हजारो पेंग्विन केप टाऊनला आणावे लागले. त्यांतल्या 4,076 पक्ष्यांना बरे झाल्यावर क्रमांकाचे पट्टे बांधून समुद्रात सोडले. दोन वर्षांत 2,652 पक्षी, म्हणजे 65 टक्के, विणीच्या वसाहतींत पुन्हा दिसले. पट्टे नसते तर ‘इतके सोडले’ यापलीकडे काही सांगता आले नसते.

आपल्याकडे मांज्याने कापलेली घार बरी होते, उडते, फोटो निघतो आणि बहुधा हिशेब तिथेच मिटतो. ती चार दिवसांत उपाशी मेली की पुढच्या हंगामात घरट्यावर बसली, हे कळायला पायात कडे हवे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची (बीएनएचएस) अशी कडी हलक्या धातूची असतात. वर अनुक्रमांक आणि संस्थेला कळवण्याची सूचना.

पण गणित कठीण आहे. छोट्या पक्ष्यांत कडे पुन्हा सापडण्याचे प्रमाण सहसा शेकड्याला एकाहूनही कमी. एक धरले, तरी वर्षाला 50 पक्षी सोडणाऱ्या उपचार केंद्राला दोन वर्षांत जेमतेम एक खबर. शिवाय खबर नाही म्हणजे पक्षी मेला, असेही नाही. म्हणून मोठ्या पक्ष्यांना जीपीएस लावतात. मध्य प्रदेशात उपचारानंतर मार्च 2025 मध्ये सोडलेले ‘मारीच’ हे गिधाड कझाकस्तानपर्यंत गेल्याचे त्यामुळेच कळले. 2019 मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आलेला टिपेश्वरचा वाघ एकूण सुमारे 3,000 किलोमीटर भटकला, हेही गळ्यातल्या कॉलरमुळेच समजले.

कडे मात्र कुणाच्या तरी नजरेला पडावे लागते. बुलढाणा जिल्हाच घ्या: 9,661 चौरस किलोमीटरचा. ज्ञानगंगा सुमारे 205, अंबाबरवा 127, लोणार जेमतेम 4. तिन्ही अभयारण्ये मिळून साडेतीन टक्के. म्हणजे कड्याचा पक्षी वनरक्षकापेक्षा सोयाबीन-कपाशीच्या शेतात कुणाला दिसण्याचीच शक्यता जास्त. जिवंत पक्ष्याचे कडे काढू नये. क्रमांकाचा फोटो, गाव आणि तारीख कड्यावरच्या संस्थेला किंवा वनविभागाला कळवावी.

केंद्रानेही त्या क्रमांकापुढे जखम, उपचाराचे दिवस आणि सोडतानाचे वजन लिहून ठेवावे. नोंदी साठल्या, की कुठल्या जखमेचे पक्षी तगतात आणि कुठले घाईने सोडले गेले, हे ताडून पाहता येईल.