मुनव्वर फारूकी: विनोदाची कमाई, विनोदाची किंमत आणि बीडच्या पोरांसाठी काही धडे

मोबाइलवर विनोदी रील करणारी पोरं आता आपल्या बीड जिल्ह्यात गावोगाव दिसतात. कुणी आपल्या दखनी बोलीत अम्मीच्या रागावण्याची नक्कल करतो, कुणी ऊसतोड मुकादमाची, कुणी बँकेतल्या साहेबाची. अंबाजोगाईपासून आष्टीपर्यंत अशा पोरांच्या तोंडी एक नाव हमखास येतं: मुनव्वर फारूकी. बिग बॉस जिंकला, गाडी मिळाली, पैसा मिळाला, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. दुसऱ्या बाजूला, घरातल्या मोठ्या माणसांना त्याचं नाव ऐकलं की जेल आठवतं.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण अर्ध्या. या पोराने नेमकं काय केलं, कसं केलं आणि त्यासाठी काय मोजलं, हे आपण क्रमाने समजून घेऊ या. कारण हा मार्ग आपल्या घरातलं कुणी निवडणार असेल, तर त्याला ट्रॉफीचा फोटो पुरत नाही. पूर्ण हिशोब कळायला हवा.

जुनागड ते डोंगरी

मुनव्वरचा जन्म 28 जानेवारी 1992 चा, गुजरातमधल्या जुनागडचा. 2002 च्या दंगलीची झळ त्याच्या घराला बसली. आई लहान वयातच गेली. नंतर कुटुंब मुंबईत डोंगरीला आलं. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळेच्या वयातच कामाला लागावं लागलं. भांड्यांच्या दुकानात काम केलं, पुढे ग्राफिक डिझाइन शिकून त्यात नोकरी केली. विनोदाकडे तो वळला तो विशी ओलांडल्यानंतर.

डोंगरीचं नाव मराठी वाचकाला वर्तमानपत्रातून माहीत असतं ते दाऊदमुळे आणि टोळ्यांमुळे. मुनव्वरने नेमकं हेच हाताशी धरलं. बाहेरचे लोक आपल्या वस्तीकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेवरच त्याने विनोद केला. 2020 मध्ये यूट्यूबवर आलेल्या त्याच्या सुरुवातीच्या व्हिडिओंपैकी एकाच्या शीर्षकातच दाऊद आणि यमराज होते. त्याच वर्षी राजकारणावरचे व्हिडिओ आले, लॉकडाउनमध्ये लोक घरी बसलेले होते, आणि त्याचे प्रेक्षक झपाट्याने वाढले.

विनोद बोलायच्या आधी लिहावा लागतो

रील करणाऱ्या पोरांनी हा भाग नीट वाचावा. स्टँडअप म्हणजे मंचावर उभं राहून सुचेल ते बोलणं, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात हे लेखनाचं काम आहे. नवखा कलाकार ‘ओपन माइक’ला जातो. तिथे चार-पाच मिनिटं मिळतात. समोर पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी स्वतःच्या पाळीची वाट बघणारी. विनोद पडला तर शांतता ऐकून खाली उतरायचं, घरी जाऊन ओळ बदलायची आणि दुसऱ्या दिवशी परत तोच विनोद दुसऱ्या ठिकाणी करून बघायचा. कोणत्या शब्दावर हसू येतं, कोणता शब्द जास्तीचा आहे, कुठे श्वास घ्यायचा, हे असंच कळतं. पाच मिनिटांची दहा होतात, दहाचा तास व्हायला वर्षं जातात. तेव्हा कुठे तिकीट लावून शो करता येतो.

ही रीत वाटते तितकी परकी नाही. आपल्याकडे तमाशात बतावणी होती, सोंगाड्या होता. गोदावरीपलीकडे पैठणला संत एकनाथांनी भारुडं रचली, ती हसवता हसवता कान धरणारी होती. आपला जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे मुशायऱ्यात मिजाहिया शायर ऐकायची सवयही आपल्या बुजुर्गांना आहे. गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीब यांनी तर दखनी बोलीतच हसवणारी आणि रडवणारी शायरी केली. ‘नक्को’, ‘कायकू’, ‘हौ’ या शब्दांना आपली पोरं लाजतात, पण त्याच बोलीत एका माणसाने नाव कमावलेलं आहे.

मुनव्वरचं वेगळेपण इथेच आहे. तो मंचावर डोंगरीच्या वळणाचं हिंदुस्तानी बोलतो, गोष्ट सांगतो, मधूनच शेर टाकतो. पुढे त्याने रॅपही लिहिलं, 2023 मध्ये ‘मदारी’ नावाचा अल्बम काढला. घरात आणि गल्लीत जी भाषा ऐकली, तीच त्याने कामाला लावली.

इंदूर, 1 जानेवारी 2021

नववर्षाच्या पहिल्याच दिवशी इंदूरच्या एका कॅफेत त्याचा शो होता. भाजपच्या आमदार मालिनी गौड यांचा मुलगा साथीदारांसह तिथे आला आणि त्याने कार्यक्रम थांबवला. हिंदू देवदेवतांचा आणि केंद्रीय गृहमंत्र्यांचा अपमान झाल्याची तक्रार दिली गेली. मुनव्वर आणि त्याच्यासोबतच्यांना अटक झाली. त्या शोमध्ये मुनव्वरने देवदेवतांचा अपमान केल्याचा व्हिडिओ पुरावा नाही, असं स्थानिक पोलीस अधिकाऱ्यानेच नंतर पत्रकारांना सांगितलं. तरी जामीन मिळाला नाही. खालच्या न्यायालयांनी नाकारला. 28 जानेवारीला, म्हणजे त्याच्या वाढदिवशीच, मध्य प्रदेश उच्च न्यायालयानेही नाकारला.

शेवटी 5 फेब्रुवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. अटक करताना 2014 च्या अर्नेश कुमार निकालातली पद्धत पाळलेली दिसत नाही, हा मुद्दा न्यायालयाने लक्षात घेतला. आदेश शुक्रवारी आला आणि सुटका शनिवारी रात्री उशिरा झाली. एका कार्यक्रमापायी सव्वा महिना कोठडीत गेला.

त्या दिवशी अटक झालेला मुनव्वर एकटा नव्हता. नलिन यादव, एडविन अँथनी, प्रखर व्यास हेही त्याच गुन्ह्यात आत गेले. त्यात हिंदू होते, ख्रिश्चन होते. त्यांना जामीन मिळायला आणखी दिवस लागले. मुनव्वरसाठी देशभरातून आवाज उठला, पण बाकीच्यांची नावं आज किती जणांना आठवतात? छोट्या गावातला, नाव नसलेला कलाकार अशा प्रकरणात सापडला तर त्याच्यामागे कोण उभं राहील, हा प्रश्न आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

सुटका झाली, काम मात्र बंद

त्याच वर्षाच्या शेवटी वेगळीच शिक्षा सुरू झाली. मुंबई, सूरत, रायपूर, गोवा इथले शो संघटनांच्या धमक्यांनंतर एकामागून एक रद्द झाले. 28 नोव्हेंबर 2021 ला बंगळुरूचा शो पोलिसांच्या पत्रानंतर रद्द झाला. कायदा-सुव्यवस्थेचं कारण देण्यात आलं. 600 हून जास्त तिकिटं गेली होती, असं मुनव्वरने त्यावेळी लिहिलं, आणि द्वेष जिंकला, कलाकार हरला, अशा अर्थाचा मजकूर टाकून निरोप घेतला. शोचं नावच होतं ‘डोंगरी टू नोव्हेअर’.

इथली गंमत समजून घ्या. न्यायालयाने त्याला बोलायची बंदी घातलेली नव्हती. पण हॉलचा मालक घाबरला, आयोजकाला फोन गेले, पोलिसांनी बंदोबस्त देण्याऐवजी कार्यक्रमच नको म्हटलं, की कलाकाराची रोजी आपोआप बंद होते. कोणताही निकाल न लागता.

याच्या उलट उदाहरणही आहे. 20 ऑगस्ट 2022 ला हैदराबादमध्ये त्याचा शो झाला. तिथेही धमक्या होत्या, एका आमदाराला ताब्यात घ्यावं लागलं, पण प्रशासनाने मोठा बंदोबस्त लावला आणि कार्यक्रम पार पडला. आठवडाभराने दिल्लीत मात्र पोलिसांनी परवानगी नाकारली. कलाकार तोच, कार्यक्रम तोच. एका शहरात झाला, दुसऱ्या शहरात नाही, कारण प्रशासनाची भूमिका वेगळी होती.

टीव्हीने हात दिला

मंच बंद झाला तेव्हा मुनव्वर स्क्रीनकडे गेला. मे 2022 मध्ये त्याने ‘लॉक अप’ हा रिअॅलिटी शो जिंकला. 28 जानेवारी 2024 ला, पुन्हा वाढदिवशीच, ‘बिग बॉस 17’ जिंकला. बक्षीस 50 लाख रुपये आणि गाडी. तीन वर्षांपूर्वी याच तारखेला त्याचा जामीन फेटाळला गेला होता. 2025 मध्ये ‘फर्स्ट कॉपी’ या वेब मालिकेत तो मुख्य भूमिकेत दिसला. मुंबईतल्या सिनेमाच्या नकली सीडी-डीव्हीडीच्या धंद्यावरची ही गोष्ट.

पण याचीही किंमत असते. रिअॅलिटी शोमध्ये माणसाचं लिखाण विकलं जात नाही, त्याचं खासगी आयुष्य विकलं जातं. त्याचं घर, नाती, जुनी दुःखं, सगळं चव्हाट्यावर आलं. हे योग्य की अयोग्य, यावर आपल्या घरांमध्येही वाद झाले. आम्ही एवढंच म्हणू, की ज्या पोराला हा रस्ता हवा आहे त्याने हा सौदाही आधी समजून घ्यावा.

कोकणावरचा विनोद

ऑगस्ट 2024 मध्ये एका शोमध्ये मुनव्वरने कोकणी माणसावर शिवीसकट शेरा मारला. क्लिप फिरली, कोकणात संताप झाला, राजकीय नेत्यांनी धमक्या दिल्या, आणि त्याने व्हिडिओ टाकून माफी मागितली.

धमक्या चूकच होत्या. पण माफी मागण्यात कमीपणा नव्हता. ‘बीडचा बिहार झाला’ असं कुणी सहज बोललं की आपल्याला लागतं की नाही? आपला ऊसतोड कामगार, आपला दुष्काळ, आपली गुन्हेगारी, यावर पुण्या-मुंबईत विनोद होतात तेव्हा आपण हसत नाही. मंत्र्यावर, साहेबावर, स्वतःवर केलेला विनोद आणि एका अख्ख्या प्रदेशाला शिवी देणारा विनोद यात फरक आहे. पहिल्याला हिंमत लागते, दुसऱ्याला फक्त माइक.

कायदा नेमका काय म्हणतो

मुनव्वरवर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 295-अ लागलं होतं. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम 299 झालं आहे. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. हे कलम कुणाचं मन दुखावलं म्हणून आपोआप लागू होत नाही. धार्मिक भावना दुखावण्याचा जाणूनबुजून आणि दुष्ट हेतू असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 1957 च्या रामजीलाल मोदी खटल्यातच हे स्पष्ट केलेलं आहे.

अर्नेश कुमार निकालाचा सारांश असा: सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये. अटक का गरजेची आहे, याची कारणं नोंदवावीत. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ही नोटीस कलम 35(3) खाली येते.

त्यात 28 मार्च 2025 चा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका नज्मवरून गुजरातमध्ये गुन्हा दाखल झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, आणि शब्दांचा अर्थ खंबीर मनाच्या समजूतदार माणसाच्या नजरेतून लावावा, असं न्यायालयाने म्हटलं. त्या निकालात स्टँडअप कॉमेडीचाही उल्लेख आहे.

निकाल चांगला आहे, पण जमिनीवर काय होतं तेही बघा. त्याच मार्च महिन्यात कुणाल कामराच्या विनोदावरून मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ स्टुडिओची तोडफोड झाली. कित्येक नवख्या पोरांनी पहिली पाच मिनिटं जिथे केली, ती ही जागा.

आपल्या पोरांनी काय करावं

घाबरून गप्प बसा, असं आम्ही म्हणणार नाही. थोडी काळजी मात्र घ्या.

1. लिहा. रोज एक पान. रील नंतर करा.
2. आपल्या बोलीत आणि आपल्या अनुभवावर लिहा. एसटीची गर्दी, रेशनची रांग, दिवाळीनंतर कारखान्याला निघणारे ट्रॅक्टर, यावर आपल्याइतकं कोण लिहू शकेल?
3. श्रद्धा कुणाचीही असो, तिच्यावर सहज शेरा मारू नका. व्यवस्थेवर बोलायला विषय कमी नाहीत.
4. कार्यक्रम कुठेही असो, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेवा. भांडण बहुतेक वेळा कापलेल्या क्लिपवरून होतं.
5. पोलिसांची नोटीस आली तर टाळू नका. वकील सोबत घेऊन हजर राहा. अटक झाली तर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं बंधनकारक आहे. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मिळते. टोल-फ्री क्रमांक 15100.

आणि मोठ्या माणसांसाठी एक गोष्ट. पोरगं विनोदी बोलतं म्हणजे वाया गेलं, असं समजून त्याला गप्प करू नका. त्याचं लिहिलेलं आधी तुम्ही ऐका. मोहल्ल्यात, वाचनालयात, ईद मिलनला त्याला दहा मिनिटं द्या, समोर सगळ्या जातिधर्माची माणसं बसवा. कुठे हसू येतं आणि कुठे कुणाला लागतं, हे त्याला ओळखीच्या माणसांतच कळेल. उद्या कुठे अडचण आली, तर हा आमचा पोरगा आहे, याने काय म्हटलं ते आम्ही ऐकलंय, असं सांगणारी शंभर माणसं त्याच्याकडे असतील. इंदूरला मुनव्वरसोबत पकडल्या गेलेल्या बाकीच्या पोरांकडे ती नव्हती.