जुन्या पिकअपच्या डिझेलची वही

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच विषय होता : पिकअप विकायची की ठेवायची? गाडी दहा वर्षांची. मौद्याच्या आसपासच्या खेड्यांतून मिरची आणि भाजीपाला गोळा करायचा आणि नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये पोहोचवायचा, हा मुलांच्या अब्बूंचा धंदा. फजरनंतर निघालेली गाडी दुपारी परतायची. काम भरपूर होते, पण महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नव्हते. मोठ्याची दहावी झाली होती आणि अकरावीच्या प्रवेशाचे पैसे समोर उभे होते.

"गाडी म्हातारी झाली, डिझेल पिते," असे सगळेच म्हणत. नवी गाडी घ्यायची तर लाखांचे कर्ज, त्यावर व्याज. व्याजाच्या वाटेला जायचे नाही, हे आमच्या घरात सासऱ्यांच्या काळापासून ठरलेले. मग जुन्या गाडीचेच काही करता येते का, ते पाहायचे ठरले.

आधी मोजा

मी विचारले, "गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?" उत्तर आले, "देते अकरा-बारा." रोज गाडी चालवणाऱ्यालाही नक्की ठाऊक नव्हते. मुलाची एक जुनी वही घेतली. पहिल्या दिवशी टाकी फुल्ल केली आणि मीटरचा आकडा लिहिला. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल्ल केली. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हेच खरे अ‍ॅव्हरेज. दोनशे-पाचशेचे डिझेल टाकत राहिले तर हा हिशेब कधीच लागत नाही. एका फेरीवरही निष्कर्ष काढू नये, तीन-चार वेळा मोजावे.

चार नोंदींनंतर आकडा निघाला १०.४. महिन्याच्या २६ फेऱ्या, फेरीला साधारण ९० किलोमीटर, म्हणजे २,३४० किलोमीटर. त्याला २२५ लिटर डिझेल. नव्वद रुपये लिटर धरले तरी वीस हजारांच्या वर. वहीतला हा आकडा पाहून अब्बू बराच वेळ गप्प बसले.

मिस्त्रीने काय शोधले

मिस्त्रीने इंजिनला हात लावण्याआधी जॅक लावला आणि एकेक चाक हाताने फिरवून पाहिले. मागचे डावे चाक फिरेना. ब्रेक सोडल्यावरही तो धरून राहत होता. "भाभी, इंजिन म्हातारे झालेले नाही. ब्रेक दाबून गाडी पळवताय तुम्ही," तो म्हणाला. याची घरी करता येणारी परीक्षा सोपी आहे. सपाट रस्त्यावर थोडे अंतर जाऊन थांबावे आणि चाकांजवळ हात न्यावा (टेकवू नये). एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले असेल तर तिथे ब्रेक अडकतो आहे.

दुसरा दोष आम्हाला नवाच होता. पूर्वी कधी गाडी गरम होत होती, म्हणून कुणीतरी इंजिनचा थर्मोस्टॅट काढून टाकला होता. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात हा उपाय पटतो, पण तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट इंजिनला कामाच्या तापमानापर्यंत लवकर नेतो आणि तिथे टिकवतो. तो नसला की इंजिन बराच वेळ थंड राहते आणि थंड इंजिन जास्त डिझेल खाते, झिजतेही लवकर. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप तपासावा.

तिसरा दोष एअर फिल्टरचा. आमच्या भागात धानाचा कोंडा आणि रस्त्याची धूळ यांना तोटा नाही. हवा कमी मिळाली की डिझेल पुरते जळत नाही आणि काळा धूर निघतो. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. आतून बाहेरच्या दिशेने हलक्या दाबाची हवा मारावी आणि फारच भरला असेल तर बदलावा. फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर येत असेल तर नोझल आणि पंप जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

चौथा दोष सर्वात स्वस्त : टायरमधली हवा. सरकारी तेलबचत संस्था पीसीआरए (स्थापना १९७८) सांगते की हवा पाव हिस्सा कमी असेल तर इंधन ५ ते १० टक्के जास्त लागते, टायरचे आयुष्यही घटते. हवा किती ठेवायची ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते, रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी बहुधा वेगवेगळे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तेव्हा "जास्त झाली" म्हणून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी ती कमीच भरते.

एवढ्या दुरुस्तीनंतर वहीतला आकडा ११.५ झाला.

उजवा पाय

पुढची दुरुस्ती चालवणाऱ्याची होती आणि तीच अवघड. भंडारा-नागपूर महामार्ग सरळ, रुंद. गाडी सहज ऐंशीवर जाते. पण वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात हवेचा विरोध वाढतो : साठवरून ऐंशीवर गेल्यास तो पावणेदोन पट होतो. पिकअपचा मागचा लोखंडी सांगाडा आणि फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालतात. मोटारगाड्यांच्या चाचण्यांचा हवाला देऊन पीसीआरए म्हणते की ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ च्या वेगाने ४० टक्क्यांपर्यंत जास्त अंतर कापता येते. मालाच्या गाडीला तेवढा फायदा होईलच असे नाही, पण दिशा तीच. अब्बूंना पटवायला मी वेळेचा हिशेब मांडला. कळमन्यापर्यंतच्या तीसेक किलोमीटरमध्ये ऐंशीऐवजी पंचावन्नने गेले तर उशीर होतो दहा मिनिटांचा. ती दहा मिनिटे पहाटे घरातूनच लवकर निघून भरून काढता येतात.

मार्केटच्या रांगेत इंजिन बंद ठेवायचे. उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल फुकट जाळते. गिअर वेळेवर वरचा टाकायचा. पुढे गर्दी दिसली की आधीच पाय उचलायचा. उतारावर न्यूट्रल मात्र कधीही करू नये. गिअरमध्ये असताना पाय उचलला की पंप डिझेल कमी किंवा बंद करतो, म्हणून न्यूट्रलने बचत होत नाही. उलट भरलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

रिकामी फेरी

लिटरमागे किलोमीटर मोजताना एक गोष्ट सुटत होती : परतीची गाडी रिकामी येत होती. मौद्याच्या दोन-तीन दुकानदारांशी बोलून नागपूरहून किराणा आणणे सुरू केले. शेतकऱ्यांना आदल्या रात्री फोन करून कोणत्या गावात किती पोती आहेत ते लिहून घेऊ लागलो. एका गावाला दोनदा जाणे थांबले. याने अ‍ॅव्हरेज वाढत नाही, पण प्रत्येक लिटरमागची कमाई वाढते. मात्र जास्त पैशांसाठी क्षमतेपेक्षा जास्त माल कधी भरला नाही. त्यात वाचलेले डिझेल टायर, पाटे आणि क्लचच्या खर्चात निघून जाते.

याच काळात अब्बूंना कुणी डिझेलच्या नळीवर बसवायचे चुंबक सुचवले, कुणी टाकीत टाकायची बाटली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली आहेत. बहुतेक निरुपयोगी निघाली. मोजक्यांचा किंचित उपयोग झाला, पण त्यांतल्या काहींनी धुरातले प्रदूषण वाढवले. ते पैसे आम्ही नव्या फिल्टरला लावले.

वहीचे शेवटचे पान

तीन महिन्यांनी आकडा १२.६ वर स्थिरावला. तेवढ्याच २,३४० किलोमीटरला आता १८६ लिटर पुरतात. ३९ लिटर वाचले, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार रुपये. दुरुस्तीचा खर्च दोन महिन्यांत वसूल झाला आणि मोठ्याचा प्रवेश कुणापुढे हात न पसरता झाला.

गाडी अजून तीच आहे. उद्या तिचे इंजिन खरोखर थकेल, तेव्हा तेही वहीच सांगेल. आकडा एकाएकी घसरला की कुठेतरी बिघाड आहे, एवढे आता घरातल्या लहान मुलीलाही कळते. ताटात अन्न टाकले तर आपण मुलांना इसराफ म्हणून टोकतो. गाडीच्या नळीतून काळा धूर होऊन जाते ती नासाडीही आपल्याच रोजीची आहे. भगिनींनो, ज्यांच्या घरी गाडीवर चूल पेटते, त्यांनी आजच एक वही काढावी. स्टिअरिंग घरातल्या पुरुषाच्या हाती असेल, हिशेब मात्र आपण ठेवू शकतो.