१८८६ साली रत्नागिरीत आलेली माणसं

१८८६ हे साल रत्नागिरीच्या लक्षात राहिलं ते थिबा राजामुळे. इंग्रजांनी मंडालेच्या गादीवरून उतरवलेला ब्रह्मदेशचा हा राजा त्या वर्षी एप्रिलमध्ये राणी, मुली आणि लवाजम्यासह इथे आला आणि १९१६च्या डिसेंबरात इथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. आज तो ‘थिबा पॅलेस’ म्हणून रिक्षावाल्यापासून शाळेच्या सहलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाजीनगर भागात राजाची समाधी आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले ते या राजाच्या ओढीनेच.

त्याच साली रत्नागिरीत ‘ल्युनॅटिक असायलम’ सुरू झालं. लोकांच्या तोंडी ते वेड्यांचं इस्पितळ. आज त्याची पाटी ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ अशी आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी हे सर्वांत लहान, ३६५ खाटांचं. पुण्यात कुणाची थट्टा करायची तर येरवड्याचं नाव निघतं, मुंबईकर ठाण्याचं घेतो आणि कोकणात, कोल्हापूरकडे ‘रत्नागिरीला पाठवायला हवा याला’ म्हणतात.

राजाला सरकारने इथे ठेवलं, रुग्णांनाही सरकारनेच. दोघांनाही मनात आलं म्हणून निघून जायची मुभा नव्हती. दोघांचेही कागद झाले. राजाच्या कागदांचा इतिहास झाला, त्यावर पुस्तकं निघाली. रुग्णांच्या कागदांकडे मात्र इतिहास म्हणून आपण अजून पाहिलेलं नाही.

हे कागद काय सांगतात ते पाहण्यासारखं आहे. १८५८चा असायलम कायदा आणि पुढे १९१२चा ल्युनसी कायदा, या दोन्हींखाली माणूस आत जायचा तो बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने. रस्त्यात भटकताना सापडला तर पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करत. घरच्यांनी अर्ज केला तर डॉक्टरांचे दाखले लागत. १९१२च्या कायद्याला जोडलेल्या नमुन्यात रकाने होते: नाव, वय, अंगावरच्या खुणा, जात आणि धंदा, बापाचं नाव, धर्म, आधीचं राहण्याचं ठिकाण, घरात आणखी कुणाला वेड होतं का, हा पहिलाच झटका का, फेफरं येतं का, जिवाला किंवा दुसऱ्याला धोका आहे का. आणि एक रकाना वेडाच्या ‘संभाव्य कारणा’चा. ज्याच्याबद्दल हे सगळं लिहिलं जाई त्याचं स्वतःचं म्हणणं काय, यासाठी मात्र रकाना नव्हता.

कारणाच्या रकान्याची कहाणी तर मुद्दाम सांगायला हवी. मुंबई इलाख्यातल्या असायलमांचे वार्षिक अहवाल छापले जात. कुलाबा, पुणे, धारवाड, अहमदाबाद, सिंधमधलं हैदराबाद आणि रत्नागिरी, अशी त्यातली नावं. किती आले, किती बरे होऊन गेले, किती वारले, बागकामातून आणि हातमागातून किती उत्पन्न झालं, याचे तक्ते त्यात असत. वेडाच्या कारणांचे दोन भाग: शारीरिक आणि ‘मॉरल’. दुःख, धास्ती, पैसा बुडणं हे दुसऱ्या भागात. पहिल्या भागात गांजा ठळकपणे दिसे. १८९३ साली सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने ठरवलं की देशभरातल्या असायलमांत १८९२ मध्ये गांजा-भांगेच्या नावावर टाकलेली प्रकरणं एकेक करून मुळापासून तपासायची. २२२ प्रकरणं होती. गावापर्यंत चौकशी झाली तेव्हा त्यातली जेमतेम ९८ टिकली. बाकीच्यांच्या बाबतीत रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून पोलिसाने वा कारकुनाने गांजा लिहून टाकला होता, आणि तोच पुढे डॉक्टरांच्या वहीत, तिथून छापील तक्त्यात उतरला होता.

म्हणून जुने कागद जपायचे ते त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्यासाठी नव्हे. ते उलटतपासायला मिळावेत म्हणून जपायचे. छापील अहवाल नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने स्कॅन करून सगळ्यांना खुले केले आहेत. रत्नागिरीचा माणूस एडिंबरोच्या कपाटातली आपल्या गावाची आकडेवारी घरबसल्या वाचू शकतो. त्या आकड्यांत माणसांची नावं अर्थातच नाहीत.

नावं परत मिळवायचे प्रयत्न इतरत्र झाले आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं विलर्ड हे मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद होत असताना माळ्यावर चारशेहून जास्त सुटकेसी सापडल्या. रुग्ण दाखल होताना आणलेलं सामान त्यांत होतं: पत्रं, फोटो, कपडे, शिवणाचा दोरा. डार्बी पेनी आणि पीटर स्टास्टनी यांनी त्या पेट्या रुग्णालयाच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिल्या. नोंदीतला ‘केस’ आणि पेटीतला माणूस यांची गाठ पडली आणि २००४ मध्ये राज्याच्या संग्रहालयात प्रदर्शन भरलं. ओरेगॉनमधल्या सेलम इथल्या रुग्णालयात कुणी न नेलेल्या अस्थींचे साडेतीन हजारांच्या आसपास तांब्याचे डबे निघाले. तिथे नावं जाहीर केली गेली, काही घराण्यांनी आपल्या माणसाच्या अस्थी नेल्या आणि २०१४ मध्ये स्मारक उभं राहिलं. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने स्वतःचं हेरिटेज म्युझियम केलं आहे.

आणि पुण्यात एका मुलीने आईचं नाव राखलं. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये काढलेल्या संस्थेचं नाव बापू ट्रस्ट. महात्मा गांधींशी त्याचा संबंध नाही. बापू म्हणजे त्यांची आई, जिने मनोरुग्णालयांचे दिवस काढले होते. आईच्या ज्या गोष्टीवर इतर घरी पडदा टाकला जातो, तीच लेकीने पाटीवर लिहिली.

पडदा टाकण्यामागे कारण आहे, तेही खोटं नाही. लग्न जुळवताना ‘त्यांच्यात आहे हो ते’ हे चार शब्द पुरतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा हक्क केला आहे आणि तो असायलाच हवा. त्याच कायद्यात रुग्णाला आपल्या उपचारांची नोंद पाहण्याचा हक्कही आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आज वॉर्डात असलेल्या बाईचे कागद आणि १८९० साली वारलेल्या शेतकऱ्याचे कागद यांना एकच कुलूप लावायचं का, हा प्रश्न विचारायला हवा. पहिलीची गोष्ट तिने सांगितली तरच, तिला हवी तेवढीच. दुसऱ्याच्या बाबतीत गप्प राहून आपण कुणाची अब्रू राखतो?

सरकारी दप्तरात कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ कायम राहतो, ‘ड’ वर्षभरात फाडला जातो. मनोरुग्णालयांच्या जुन्या दाखल-नोंदवह्या, मृत्यूच्या वह्या, मॅजिस्ट्रेटचे हुकूम, कधीच टपालात न पडलेली पत्रं, हे सगळं ‘अ’ मध्ये बसवून त्याची यादी पुराभिलेख विभागाकडे जावी, एवढी मागणी जास्तीची नाही. सोबत निवृत्त परिचारिकांना आणि अटेंडंटना बोलतं करावं. कुठली म्हातारी रात्री मालवणीत कुणाला हाका मारायची, कुणाच्या नावाने दर दिवाळीला मनीऑर्डर यायची आणि ती कधी थांबली, असल्या आठवणी कुठल्याच वहीत नसतात.

कोकणात कागद जपायच्या कामाला वेळापत्रकही निसर्गच घालून देतो. दप्तराचे रुमाल सोडायचे, पानं झटकायची, कसर लागलेली बाजूला काढायची आणि एकेक पान फोटोखाली धरायचं, ते दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. मेअखेर पुन्हा गाठी बांधाव्या लागतात. जून लागला की कागद ओल धरतो, पानाला पान चिकटतं आणि सोडवायला गेलं तर शाई दुसऱ्या पानावर निघून येते.