अब्रू कोणाची, शब्द कोणाचा?

‘अब्रू’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द मूळचा फारसी. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. इराणी सिनेमात हे चेहऱ्यावरचं पाणी कोण राखतं आणि त्याबद्दल कोण बोलतं, हे कान देऊन ऐकलं, की तिथल्या घरांत काय बदललं ते कळतं.

पहिला फारसी बोलपट, ‘दुख्तर-ए-लोर’, १९३३ साली आपल्या मुंबईत तयार झाला. ‘आलम आरा’वाल्या अर्देशिर इराणींनीच तो काढला. त्यातल्या रूहंगीझ सामीनेजादला पडद्यावर बोलल्याची किंमत मोजावी लागली. मायदेशी इतका छळ झाला, की तिनं पुढे सिनेमाच सोडला.

जुन्या वळणाचा इराणी नवरा बायकोला ‘झईफे’ म्हणे, म्हणजे दुबळी. आपला ‘जईफ’ तोच. मसूद किमियाईंच्या ‘कैसर’मध्ये (१९६९) बलात्कार झालेली फाती जीव देते आणि मागे चिठ्ठी ठेवते. तिचं म्हणणं त्या कागदापुरतं. पुढे बोलतात ते भाऊ, आणि सुरे.

अब्बास किआरोस्तामींच्या ‘टेन’मध्ये (२००२) गाडी चालवणारी घटस्फोटित आई शेजारी बसलेल्या मुलाशी कडाकडा भांडते. घटस्फोट मिळावा म्हणून नवरा व्यसनी आहे असं कोर्टात खोटं सांगावं लागलं, हे ती लपवत नाही. तलाकचा अधिकार मुख्यतः पुरुषाच्या हाती ठेवणारा कायदा असा एका आईच्या तोंडून, भर रस्त्यात उघडा पडतो.

आणि असगर फरहादींचा ‘द सेल्समन’ (२०१६). घरात शिरलेल्या माणसानं रानावर हल्ला केलेला असतो. तिच्याबरोबर नाटकात काम करणारा नवरा इमाद त्याला शोधून काढतो. निघतो एक म्हातारा. त्याच्या बायकामुलांसमोर त्याची अब्रू काढायची, असं इमाद ठरवतो. तेव्हा राना बजावते: तू हे केलंस, तर आपल्यात काही उरणार नाही. ज्या सुडाबद्दल फातीला काही म्हणता आलं नव्हतं, तो इथे जिच्यासाठी घ्यायचा तीच नाकारते. इमाद म्हाताऱ्याच्या घरच्यांना काही सांगत नाही, पण बंद खोलीत थोबाडीत मारतोच, आणि म्हातारा कोसळतो.

रानाचं ऐकलं गेलं, तेही अर्धंच. पण अब्रूचा निवाडा आता तिला विचारल्याशिवाय पुरा होत नाही. शेवटी दोघं नाटकासाठी रंगायला बसतात. रंग चढत जातो, आणि त्याखालच्या दोन्ही चेहऱ्यांवरचं पाणी ओसरलेलं असतं.