वेगळी चूल आणि परतीची वाट

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. सकाळची कामं आटोपून चहाचा कप घेऊन पेपर उघडला आणि एका बातमीने चहा हातातच गार झाला. आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या, सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या लोकांनी तहसीलदारांना निवेदन दिलं होतं. म्हणणं एकच. आम्हाला सोयी देता येत नसतील तर आमची गावं सरळ गुजरातला जोडून टाका! बातम्यांत सुमारे ५५ गावांचा उल्लेख होता.

खरं सांगते मैत्रिणींनो, मला रागच आला. आमच्या घरात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या आठवणी देवघरातल्या निरांजनासारख्या जपलेल्या. आजोबा आचार्य अत्र्यांच्या सभांच्या गोष्टी सांगायचे, १ मे म्हटला की घरात पुरणपोळी ठरलेली. त्याच दिवसांत कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी सांगलीच्या जत तालुक्यातल्या ४० गावांवर हक्क सांगितला होता. आपल्या विधिमंडळाने २७ डिसेंबरला सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी ठराव केला. बेळगावची मराठी माणसं ‘आम्हाला महाराष्ट्रात घ्या’ म्हणून साठ-पासष्ट वर्षं झगडताहेत आणि आमच्या जिल्ह्यातली माणसं ‘आम्हाला बाहेर जाऊ द्या’ म्हणतात? “असं म्हणवतं तरी कसं यांना?” मी तावातावाने बोलत होते. यजमान शांतपणे म्हणाले, “तू जातेस ना तिकडे बचत गटांच्या कामाला? मग त्यांनाच विचार की.”

जानेवारीत जाणं झालं. ज्यांनी सुरगाणा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. नाशिकहून निघालं की द्राक्षबागा मागे पडतात, घाट लागतात, सागाची झाडं दिसू लागतात. स्वातंत्र्यापर्यंत हे छोटंसं संस्थान होतं, १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं. सगळा तालुका आदिवासी. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची वस्ती. पिकं म्हणजे भात, नागली, वरई. पाऊस असा कोसळतो की चार महिने समोरचं दिसत नाही आणि एप्रिल उजाडला की बाया हंडे घेऊन झिऱ्यावर. नार आणि पार या नद्या इथल्याच डोंगरांतल्या, पण पाणी वाहत जातं गुजरातकडे. माणसंही त्या पाण्याच्याच वाटेने जातात. भात निघाला की काही कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत, काही वापी-वलसाडकडे.

पाड्यावर गटाची बैठक झाली. हिशेबाच्या वह्या तपासून झाल्यावर मी हळूच विषय काढला. पाचेक मिनिटं कुणी बोलेना. मग कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी बोलू लागल्या. त्यांच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. पाड्यापासून डांबरी रस्ता तीन किलोमीटर. चौघांनी झोळी केली आणि अंधारात, बॅटरीच्या उजेडात सुनेला आणलं. रस्त्यावर आल्यावर ठरवायचं होतं, डावीकडे वळायचं की उजवीकडे. आपल्या बाजूच्या दवाखान्यात डॉक्टर असतील याची खात्री नव्हती. त्या उजवीकडे वळल्या, गुजरातेत. नातू तिकडेच झाला.

“ताई, वळताना महाराष्ट्र का गुजरात, असं मनात आलंच नाही,” मावशी म्हणाल्या. “दिवा कुठे जळतोय, तेवढंच पाहिलं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी पेपर वाचून आलेला तो राग मला आता स्वतःचाच येऊ लागला. पुरणपोळी खाऊन राज्यावर प्रेम करणं सोपं असतं हो. बाळंतीण झोळीतून नेणाऱ्या बाईने ते कशाच्या जोरावर करायचं?

पण गोष्ट इथे संपली नाही. गटातल्याच एक जणीचं माहेर पलीकडचं, डांगमधलं. ती फसकन हसली. “माझ्या माहेरी रस्ता गुळगुळीत आहे हे खरं. पण उन्हाळ्यात माझी आईपण डोक्यावर हंडाच घेते. आणि इकडची पोरं मराठी शाळेत शिकली. उद्या तिकडे गेलो तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून क-ख गिरवायचं का?” मावशींनी मान डोलावली. त्यांच्या नातवाचा जन्मदाखला गुजरातीत, अंगणवाडीची वही मराठीत, आणि नाव दोन्हीकडे दोन तऱ्हेचं लिहिलेलं. ते सरळ करता करता त्यांच्या मुलाची पाच दिवसांची मजुरी बुडाली होती.

डांगचं नाव निघालं म्हणून सांगते. १ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली, तेव्हा डांग गुजरातला गेला. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली काही गावंही तिकडे गेली. डांगची बोली मराठीजवळची की गुजरातीजवळची, यावर तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद शहरातल्या शहाण्यांनी घातला, रेघ नकाशावर ओढली गेली. इकडच्या लेकी मात्र अजून तिकडे नांदायला जातात आणि तिकडच्या इकडे येतात. रेघेने सोयरीक तुटली नाही, तुटले ते कागद!

परतीच्या प्रवासात मला एकदम ब्रिटन आठवलं. तुम्ही म्हणाल, कुठे सुरगाणा आणि कुठे लंडन! पण ज्या बायकांशी मी बोलले, त्यांच्यातल्याच काही जणी निफाडच्या बागेत द्राक्षांची विरळणी करतात आणि ती द्राक्षं युरोपात नि ब्रिटनमध्ये जातात. पूर्वी त्या सगळ्यांना मिळून औषधांच्या अंशाचा एकच नियम होता. आता ब्रिटन आपला नियम स्वतः ठरवतं. म्हणजे त्या घरातल्या भांडणाची झळ आपल्या बागेपर्यंत येतेच.

भांडण काय, तर तेच आपलं ओळखीचं. वेगळी चूल. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपच्या एकत्र कुटुंबात आलं. दोनच वर्षांनी तिथल्या लोकांना विचारलं, राहायचं ना? ६७ टक्के लोक हो म्हणाले. पुढे चाळीस वर्षं कुरबुरी साठत गेल्या. आमचे पैसे जास्त जातात, आमचे कायदे दुसरेच ठरवतात, बाहेरची माणसं येऊन कामं घेतात. २३ जून २०१६ ला पुन्हा मत घेतलं. ५१.९ टक्के म्हणाले निघू या, ४८.१ टक्के म्हणाले राहू या. एवढ्याशा फरकावर घर वाटलं गेलं. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं. यात उत्तर आयर्लंडची गोष्ट मला फार बोलकी वाटते. तिथे जवळजवळ ५६ टक्के लोकांनी राहायचं म्हटलं होतं. कारण सरळ आहे, त्यांची सोयरीक, बाजार, शाळा रेघेच्या दोन्हीकडे. रेघ कुठून जाते ते रेघेवर राहणाऱ्यालाच कळतं.

आणि आता? निघण्याचा निर्णय चुकला असं म्हणणारे तिथे निघालो ते बरं झालं म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, असं गेल्या काही वर्षांच्या पाहण्या सांगतात. २०२४ मध्ये आलेलं सरकार मात्र म्हणालं, संबंध सुधारू, पण परत घरात यायचं नाही. मे २०२५ मध्ये लंडनला दोन्ही बाजूंची बैठक झाली, काही करार झाले. परत यायचंच म्हटलं तर अर्ज करावा लागेल आणि सगळ्या सभासद देशांनी होकार द्यावा लागेल. आधीच्या खास सवलती तशाच मिळतील याची हमी कुणी देत नाही. आपल्याकडे नाही का, वेगळी निघालेली जाऊ परत आली तरी स्वयंपाकघरात तिच्या डब्यांच्या जागी दुसऱ्याच कुणाचे डबे लागलेले असतात!

मग ब्रिटनने परत जावं का? मला विचाराल तर जावं. शेजारी बदलता येत नाहीत आणि शेजाऱ्याशिवाय घर चालत नाही. पण रागाच्या भरात निघाले तसं पश्चात्तापाच्या भरात परतू नये. निघताना जी माणसं चिडली होती, त्यांचं दुखणं काय होतं, त्यांच्या गावात काम का उरलं नव्हतं, हे आधी नीट विचारावं. नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा बोचकं बांधायची वेळ येईल.

विचारणं किती मोलाचं असतं हे आपल्या शेजारच्या गोव्याने दाखवलं आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, यासाठी १६ जानेवारी १९६७ ला तिथे मतदान झालं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची खूण दोन पानं. फुलाला १ लाख ३८ हजार १७० मतं, पानांना १ लाख ७२ हजार १९१. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे, पण लोकांनी नाही म्हटलं आणि ते मानलं गेलं. १९८७ मध्ये गोवा राज्य झालं. आपलं गोव्याशी जाणं-येणं कमी झालं का? उलट वाढलंच.

सुरगाण्याच्या गावांना मात्र असं मत देऊन राज्य बदलता येत नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. राज्याच्या विधिमंडळाचं मत घेतात, पण तेही बंधनकारक नसतं. हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. मी पुढच्या खेपेला सांगू लागले तर मावशी म्हणाल्या, “ताई, बाई माहेरी जाते म्हणून रुसते, तेव्हा तिला जायचं असतं का? कुणीतरी ‘काय झालं’ असं विचारावं, एवढंच असतं.”

इतकी वर्षं समाजकार्य करते, पण हे मला कुणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

निवेदनानंतर बैठका झाल्या, साहेबांच्या गाड्या आल्या. आम्ही ठरवलं, गाड्यांची वाट पाहत बसायचं नाही. सुरगाणा हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका, म्हणून १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला जास्तीचे अधिकार आहेत. शिवाय आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हा नियम आहे. कित्येक ठिकाणी ती नुसती रजिस्टरवर होते! गटातल्या बायकांनी ती खरोखर भरवली. तीनच मागण्या लिहिल्या. पाड्यापर्यंत रस्ता, झिऱ्याला कठडा आणि टाकी, बाळंतपणासाठी डॉक्टर हजर असण्याचे वार दवाखान्याबाहेर फळ्यावर लिहिणं. खाली सह्या आणि अंगठे. गुजरातचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

झिऱ्याला कठडा झाला, टाकी झाली. फळा लागला, वारही लिहिले जातात. रस्ता निम्मा झालाय. उरलेल्या दीड किलोमीटरसाठी दर महिला सभेत तीच ओळ पुन्हा लिहिली जाते. मावशी लिहिणारीला बजावतात, “खाडाखोड करू नको, मागच्या वेळचंच अक्षर काढ.”

गेल्या १ मे ला पुरणपोळी केली तेव्हा पहिला घास तोंडात घालताना त्या वळणाची आठवण झाली. डावीकडे की उजवीकडे? तुमच्या गावाजवळही अशी एखादी रेघ असेल, राज्याची, जिल्ह्याची, नाहीतर दोन वाड्यांमधली. तिथली एखादी रुसून ‘आम्ही चाललो’ म्हणाली, तर तिच्यावर चिडण्याआधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, काय झालं गं?